पेठा, लष्कर आणि एक मैदान

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत माणसाचा रंग आणि माणसाची सांपत्तिक पायरी यांनी अमेरिकेत त्याचे आयुष्य कसे आखून दिले याचे वाचन हाती घेतले, तर त्या वाचनाच्या वाटेवर पुणे शहर लागेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु या शहरातील गंज पेठेत, आता जिला महात्मा फुले पेठ म्हणतात तेथे, राहणाऱ्या एका गृहस्थाने १८७३ साली ‘गुलामगिरी’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले युनायटेड स्टेट्समधील सज्जनांस, हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल व स्वार्थत्यागाबद्दल. एवढा भक्कम दस्तऐवज पदरात असता, अमेरिकेच्या वर्णभेदाचा प्रवास पुण्याच्या मंडईपासून सुरू करावयास कोणाची परवानगी काढावी असे मला वाटले नाही. श्रावणातली सकाळ होती, पाऊस पडतो आहे की नाही याचा निर्णय पावसालाच होत नव्हता, आणि छत्री काखेत मारून मी निघालो.

मंडईची ती अष्टकोनी दगडी इमारत १८८६ सालची. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते. आणि आज त्याच इमारतीस महात्मा फुले मंडई असे नाव आहे. हयातीत ज्याचे ऐकावयाचे नाही त्याचे नाव पुढे दगडावर कोरून मोकळे व्हावयाचे, ही तऱ्हा केवळ पुण्याचीच आहे असे नाही, पण पुण्याने ती विशेष निगुतीने जोपासली आहे.

मंडईपासून फुल्यांच्या वाड्यापर्यंतची वाट गल्लीबोळांची, दुचाक्यांची आणि घराच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद घेणाऱ्या डोळ्यांची आहे. वाड्याच्या आवारात आले की हा गलबला मागे पडतो. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांस खुला केला, ही हकिकत शाळेच्या पुस्तकातून सर्वांस ठाऊक असते. ती जागा डोळ्यांनी पाहताना मात्र वाटते की एवढ्याशा जागेत एवढे मोठे बंड मावले तरी कसे. एक आजीबाई नातवाला सांगत होत्या, “याचं पाणी कुणीही प्यावं, असं त्यांनी सांगितलं.” नातू म्हणाला, “आजी, पण यात पाणी कुठंय?” आजीबाईंना काही सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

जोतीराव अमेरिकेस कधी गेले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो यादवी युद्धात लाखो गोऱ्यांचे रक्त सांडून काळ्यांच्या बेड्या तोडणारा देश, आणि हा कित्ता आपल्या देशातील सुशिक्षितांनी शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत गिरवावा अशी त्यांची उमेद होती. पुस्तक निघून चार वर्षे होतात न होतात तोच, १८७७ साली, दक्षिणेतील राज्यांतून संघराज्याची फौज काढून घेण्यात आली, आणि मुक्त झालेल्या माणसाला पुन्हा त्याच्या जागी बसविण्याचा बंदोबस्त तेथील गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी कायद्याच्या भाषेत सुरू केला. लुइझियानातील होमर प्लेसी हा गृहस्थ १८९२ साली गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या आगगाडीच्या डब्यात जाऊन बसला; त्याला पकडले, फिर्याद वरपर्यंत गेली, आणि १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की जागा वेगळी पण समान असेल तर तीत अन्याय नाही. आगगाडी, शाळा, पाण्याचा नळ, दफनभूमी, सर्वत्र ही रेघ कायद्याने ओढली गेली. पुण्याच्या पेठांतून अशी रेघ ओढण्यासाठी कोणास कायदा करावा लागला नव्हता. पाटी लावावी लागली नव्हती. कोणी कोठे उभे राहावयाचे हे पाळण्यातच ठरत असे. अमेरिकेच्या भेदनीतीचे दप्तर जाडजूड आहे आणि आपले कोरे, याचा अर्थ आपला भेद सौम्य होता असा कोणी लावू नये.

फुल्यांच्या वाड्यापासून पायी थोड्याच अंतरावर, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनचे देऊळ व त्याचे उंच घंटाघर आहे. १८९० च्या ऑक्टोबरात या मिशनच्या आवारात एक व्याख्यान झाले व त्यानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळी म्हणजे कोण, तर न्यायमूर्ती रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले आणि पुण्यातील असेच नामांकित गृहस्थ. कोणी चहा प्याले, कोणी पेला नुसता हाती धरला, कोणी तोंडास लावून खाली ठेवला असे पुढे सांगण्यात आले. परंतु गोपाळराव जोशी नावाच्या एका खट्याळ आणि तल्लख इसमाने हजर असलेल्यांची यादीच ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली आणि शहरात भडका उडाला. शंकराचार्यांपुढे फिर्याद गेली, ग्रामण्य झाले, जबान्या झाल्या. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचा पुरावा पुढे केला. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेही स्वतःसाठी नसून आपल्यामुळे अडचणीत आलेल्या स्नेह्यांसाठी, असे त्यांचे चाहते सांगतात. हा सर्व गदारोळ ज्या चहावरून झाला, तो चहा झाला त्याच महिन्यात, हाकेच्या अंतरावर, जोतीराव अखेरच्या आजारात अंथरुणावर होते. पुढच्याच महिन्याच्या २८ तारखेस त्यांनी देह ठेवला. गोऱ्या पाद्र्याच्या हातचा चहा घ्यावा की नाही या प्रश्नाने ज्यांचे जिणे ढवळून निघाले, त्यांपैकी किती जणांना त्या शेजारच्या हौदाची आठवण झाली असेल, हा विचार मी घंटाघराखाली उभा राहून करीत होतो.

या गोपाळराव जोश्यांचे अमेरिकेशी नाते जुने. त्यांच्या पत्नी आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या, त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या, आणि गोपाळरावही तेव्हा अमेरिकेत पाश्चात्यांच्या दोषांवर व्याख्याने झोडीत फिरत होते. आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांच्या यजमानीण श्रीमती कार्पेंटर यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. ज्या देशात अनेक गावी काळ्या माणसाला मरणानंतरही गोऱ्यांच्या शेजारी जागा नव्हती, तेथे कल्याणच्या ब्राह्मण मुलीला ती मिळाली. परदेशातून आलेली, शिकलेली, उच्चकुलीन हिंदू स्त्री ही त्यांच्या उतरंडीत कोठे बसवावयाची याचा नियमच नव्हता, म्हणून तेथे माणुसकीला थोडी फट सापडली असावी. रमाबाईंनी मात्र ती फट म्हणजे सारा देश असे मानले नाही. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात तेथील स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक करीत असतानाच काळ्या व मूळच्या तांबड्या लोकांशी गोऱ्यांचे वर्तन कसे आहे याकडेही त्यांनी डोळेझाक केली नाही. ज्या प्रवासवर्णनांत यजमानांची केवळ स्तुती असते त्यांच्या पंगतीत हे पुस्तक बसत नाही, आणि मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्यास मिळावयास हवा तेवढा मान मिळालेला नाही, असे माझे मत आहे.

नाना पेठ ओलांडून क्वार्टर गेटचा चौक मागे टाकला की पुण्याचे दुसरे पुणे सुरू होते. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली, आणि शहराच्या पूर्वेस इंग्रजांनी आपली छावणी घातली. तिला जुने लोक अजूनही लष्कर म्हणतात. सरळ रस्ते, बंगल्यांची ऐसपैस आवारे, १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते पवित्र झालेले सेंट मेरीचे देऊळ, पलीकडे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान. पेठेतल्या शास्त्र्याच्या पोराने कोलंबी-गोमांसाच्या वासापासून दूर राहावे असे घरचे सांगत, आणि लष्करातल्या साहेबाच्या क्लबात तो पोरगा, उद्या केंब्रिजचा सीनियर रँग्लर होऊन आला तरी, सभासद म्हणून पाऊल ठेवू शकत नसे. गोऱ्या शिपुर्ड्यालाही त्या क्लबाचे दार बंदच होते हे येथे सांगावयास हवे. दरमहा शिलिंगांवर गुजराण करणारा टॉमी आणि त्याचा अंमलदार यांचा रंग एक असला तरी पायरी एक नव्हती, आणि या पायऱ्यांचा हिशेब साहेब लोक आपल्या पंगतीच्या हिशेबाइतकाच काटेकोरपणे ठेवीत. पैशाला मात्र येथे थोडी गती होती. बगदादहून आलेल्या ससून घराण्याचे इस्पितळ व लाल देऊळ, जमशेटजी जीजीभाईंनी बांधविलेला नदीवरचा बंधारा, ही देणग्यांची स्मारके साहेबाने आनंदाने स्वीकारली. देणगीदाराच्या रंगाकडे त्या दिवसापुरते दुर्लक्ष झाले.

परंतु या लष्कराची दुसरी बाजू पेठेतून दिसत नसे. महाराच्या, चांभाराच्या मुलाला पेठेत जो रोजगार कोणी देत नसे तो येथे मिळे. साहेबाचा बटलर व्हावे, घोड्याची निगा राखावी, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागावे. विटाळ साहेबाला ठाऊक नव्हता, त्याला फक्त रंग ठाऊक होता. शिवराम जानबा कांबळे हे याच लष्करातील मॅसॉनिक हॉलमध्ये नोकरीस होते आणि तेथूनच त्यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. महारांची फौजेतली भरती १८९० च्या दशकात बंद झाली होती, कारण हिंदुस्थानातील काही जाती लढवय्या व बाकीच्या निकामी असा एक वंशशास्त्राचा सिद्धान्त इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी मनावर घेतला होता. कोरेगावच्या रणस्तंभावर ज्यांची नावे कोरलेली त्यांच्याच नातवंडांना त्याच सरकारने अपात्र ठरविले, म्हणून १९१० साली कांबळे व त्यांचे सहकारी यांनी थेट भारतमंत्र्यांस अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध संपताच थोड्याच काळात ती बरखास्त झाली. त्याच महायुद्धात न्यूयॉर्कच्या हार्लेमहून निघालेल्या काळ्या शिपायांच्या ३६९ व्या पलटणीला अमेरिकन सेनापतींनी आपल्या गोऱ्या तुकड्यांशेजारी न ठेवता फ्रेंचांच्या हवाली केले होते.

या सगळ्यात विनोदाची जागा नाही असे नाही. टिळकांनी १९०३ साली आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते हे सिद्ध करू पाहणारा इंग्रजी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध केला, तेव्हा साहेब आणि आपण एकाच आर्य कुळाचे, असा अभिमान कित्येक पुणेकरांच्या मनात चमकून गेला असल्यास नवल नाही. वीस वर्षांनी, १९२३ साली, भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थाने, सखाराम गणेश पंडित या वकिलांमार्फत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हाच मुद्दा मांडला: आपण उच्चवर्णीय, शुद्ध आर्य रक्ताचे, तेव्हा कायद्याने आपण गोरे व म्हणून नागरिकत्वास पात्र. न्यायमूर्तींनी उत्तर दिले की शास्त्र काही म्हणो, रस्त्यावरचा सामान्य गोरा माणूस तुम्हांला गोरे समजत नाही, तेवढे पुरे. आपल्या जातीचा उंचवटा परक्याच्या रंगाच्या तराजूत घालून पाहण्याचा तो प्रयोग फसला. पंडितांचे स्वतःचे नागरिकत्वही काढून घेण्याचा सरकारने यत्न केला, ते मात्र त्यांनी कोर्टात लढून टिकविले. वकिलांचे असेच असते.

लष्करातून बंड गार्डनच्या रस्त्याला लागले की पूना क्लबचे क्रिकेट मैदान येते. रस्त्यावरून दिसते तेवढे मी पाहिले. पावसाने हिरवेगार झालेले, दोन माळी चिखलात वाकून काहीतरी वेचीत होते. या मैदानासाठीच मी हा सारा वळसा घेतला होता. पुण्यातील वर्ण, जात आणि वर्ग या तिन्ही रेघा जेथे एकमेकींस छेदून गेल्या ती जागा एका चांभाराच्या मुलाच्या डाव्या हाताने दाखवून दिली. बाळू पालवणकर यांचे वडील फौजेत होते. पुण्यात बाळूने प्रथम पारशांच्या एका क्रिकेट क्लबात झाडलोट व रोलर फिरविणे पत्करले, दरमहा तीन रुपयांवर. तेथून तो १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या या क्लबात चार रुपयांवर आला. काम तेच, खेळपट्टी लाटावयाची, जाळ्या उभारावयाच्या, टेनिसच्या जागेची निगा राखावयाची. फावल्या वेळी साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावे लागत, आणि त्यात हा मुलगा चेंडू असा काही वळवू लागला की कॅप्टन ग्रेग नावाचा तिखट फलंदाज रोज इतरांच्या आधी येऊन तास न् तास त्याच्यासमोर उभा राहू लागला. बाळूने आपल्याला बाद केले की ग्रेग आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. चार रुपये महिना मिळविणाऱ्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई. त्या आठ आण्यांच्या मागे लागून हिंदुस्थानचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज घडला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

एवढ्या वर्षांत गोऱ्यांनी त्याला एकदाही फलंदाजी करू दिली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते नोकराने करावे. बॅट हाती धरून उभे राहणे हा सरदारी थाट, तो साहेबाचा. इंग्लंडातही मोबदला घेऊन खेळणारा आणि हौसेने खेळणारा यांच्यासाठी कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत. म्हणजे मैदानाच्या या टोकाला रंगाबरोबर वर्गाचीही रेघ होती, आणि ती गोऱ्यांनी घरूनच आणली होती.

दुसऱ्या टोकाची हकिकत आपली आहे. पुण्याच्या हिंदू क्लबाला लष्करातल्या गोऱ्यांना हरवावयाचे होते आणि हरविण्यासारखा गोलंदाज एकच होता, तो चांभार. मंडळींत वाद झाला. ग्रेगने बाहेरून मत दिले की अशा गोलंदाजाला घेतले नाही तर हिंदू मूर्ख ठरतील, आणि शेवटी जिंकण्याच्या हौसेने सोवळ्यावर मात केली, पण अर्धीच. मैदानात बाळूने टाकलेला चेंडू ब्राह्मण झेलीत, तोच चेंडू परत त्याच्या हाती देत. मधल्या सुटीत चहा आला की मंडळी तंबूत चिनी मातीच्या पेल्यांतून पीत आणि बाळूला तंबूबाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात देत. जेवण वेगळ्या जागी, हात धुवावयाचे पाणी वेगळ्याच्या हातून. चामड्याचा चेंडू विटाळत नाही आणि चिनी मातीचा पेला विटाळतो, हे धर्मशास्त्र कोणत्या स्मृतीत आहे ते मला सापडलेले नाही. पंचहौदाच्या चहाचे प्रायश्चित्त ज्या शहरात नुकतेच होऊन गेले होते त्याच शहरातली ही दुसरी चहाची गोष्ट, आणि ती एकाही वर्तमानपत्राने यादी करून छापली नाही. लष्कराच्या दारावर आपला अपमान होतो म्हणून जो तडफडतो, तोच आपल्या तंबूच्या दारावर पहारा करतो. अमेरिकेतल्या दक्षिणी गरीब गोऱ्याचे वर्णन वाचताना मला त्या तंबूची पुन्हा पुन्हा आठवण झाली होती. मळेवाल्या धनिकाने त्याला कंगाल ठेवले, पण काळ्यापेक्षा तू वरचा, एवढी एक मिळकत त्याच्या नावे करून दिली, आणि ती राखण्यासाठी तो जन्मभर झुंजला.

साताऱ्याच्या गोऱ्यांशी सामना झाला तेव्हा तेथील माळ्यांनी बाळूचा चेंडू वळू नये म्हणून खेळपट्टी आठवडेच्या आठवडे लाटून कठीण केली होती म्हणतात. तरी बाळूने सात गडी बाद केले. परतल्यावर पुण्यात सत्कार झाला, रानड्यांनी त्यास हार घातला व ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खातापिताही आले पाहिजे अशा अर्थाचे दोन शब्द मंडळींस सुनावले. पुढे टिळकांनीही त्यास जाहीर सभेत गौरविले. प्लेग येताच बाळू मुंबईस गेला. तेथे हिंदूंच्या संघात आपला भाऊ शिवराम याच्यासह खेळताना १९०६ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांच्या संघावर १०९ धावांनी विजय मिळाला त्यात आठ गडी बाळूचे होते, आणि तोपर्यंत मुंबईच्या जिमखान्यातला वेगळा पेला बराचसा नाहीसा झालेला होता. पराभूत करण्याजोगा कोणी समोर असल्याशिवाय पंगत एक होत नाही, असाच या हकिकतीचा निष्कर्ष निघतो, आणि तो मला सुखाचा वाटत नाही.

या विजयानंतर चार वर्षांनी, ४ जुलै १९१० रोजी, अमेरिकेतील रेनो गावी जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्याने जिम जेफ्रिस या गोऱ्यांच्या आशास्थानाला धुळीस मिळविले. बातमी पसरताच गावोगाव गोऱ्यांचे जमाव काळ्या वस्त्यांवर तुटून पडले, आणि त्या झुंजीची चित्रफीत अनेक शहरांत दाखवू दिली नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. नेता महाराज, कारण ते महाराज. गडी घेतले बाळूने, ११४, सरासरी १८.८४. बाळूला आपल्या संघाचे नेतृत्व कधीच मिळाले नाही. १९२० साली तर त्यास संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जातीवरून होणारा हा अन्याय सोसणार नाही असे पत्र लिहून अंग काढून घेतले. मग १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले. जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल संघात नुसते खेळावयास १९४७ साल उजाडावे लागले, हे आठवून आपली छाती थोडी फुगते. ती फार फुगू नये अशी तरतूद मात्र पुण्याने लगोलग करून ठेवली.

ती तरतूद म्हणजे पर्वती. दुसऱ्या दिवशी मी तेथे गेलो, १०३ पायऱ्या चढलो, आणि वर जाऊन धापा टाकीत शहराकडे पाहिले. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सोबती याच पायऱ्यांनी देवदर्शनास निघाले. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांसारखे सवर्ण तरुणही बरोबर होते. दार उघडले नाही, दगड मात्र पडले. विठ्ठल पालवणकर कर्णधार होऊन तेव्हा सहा वर्षे लोटली होती. पायऱ्यांवर आता कसरत करणारे लोक मिनिटे मोजीत वर-खाली करतात. त्यांतील एकाने मला बाजूला व्हावयास सांगितले, आणि माझा वेग पाहता त्याचे बरोबरच होते.

पर्वतीच्याही तीन वर्षे आधी, पुण्याच्या न्यायालयात एक तरुण बॅरिस्टर जेधे-जवळकरांच्या वतीने उभा राहिला होता. टिळक-चिपळूणकरांवर ‘देशाचे दुश्मन’ हे जहाल पुस्तक लिहिल्याबद्दल खालच्या कोर्टात शिक्षा झाली होती, ती १९२६ साली अपिलात रद्द झाली, आणि ती करविणारे बॅरिस्टर होते भीमराव आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. ज्या वर्षी तेथल्या वर्गांत आणि भोजनगृहांत त्यांना जन्मात प्रथमच मोकळी वागणूक मिळाली, त्याच वर्षी अध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळे बसविण्यात येत होते, आणि विद्यापीठाच्या टेकडीखालचे हार्लेम दक्षिणेतून पळून आलेल्या काळ्या कुटुंबांनी भरत चालले होते. फुल्यांनी दुरून पाहिलेली अमेरिका आंबेडकरांनी जवळून पाहिली, आणि ती त्यांना दोन्ही अंगांनी दिसली. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांस पत्र लिहिले, त्यात अस्पृश्यांची आणि अमेरिकन निग्रोंची स्थिती एकमेकींशी इतकी मिळतीजुळती आहे की तिचा अभ्यास करणे अगत्याचे आहे, असा आशय होता.

येरवड्याच्या कारागृहात परवान्यावाचून जाता येत नाही, आणि परवान्यासाठी लागणारी चिकाटी माझ्यापाशी नाही. बाहेरच्या रस्त्यावर उन्हात थोडा वेळ थांबलो इतकेच. अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ देण्याचा निवाडा इंग्रज पंतप्रधानांनी १९३२ च्या ऑगस्टात दिला, गांधीजींनी २० सप्टेंबरास आत उपोषण मांडले, आणि २४ सप्टेंबरास करार झाला: स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. २४ सप्टेंबर हीच १८७३ साली गंज पेठेच्या त्या गृहस्थाने सत्यशोधक समाज स्थापल्याची तारीख. सह्या करणाऱ्यांत मालवीय, सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, बिर्ला अशी वजनदार नावे आहेत. आंबेडकर आहेत, पर्वतीवरचे राजभोज आहेत, आणि त्याच पानावर बाळूचीही सही आहे. आंबेडकरांचे मन वळविण्यास जे गेले त्यांत तो होता. मैदानावर चार रुपयांत रोलर ओढणारा पोर नदीपलीकडे तुरुंगात राष्ट्राच्या तहनाम्यावर सही करतो, याचा पुणेकरांनी उत्सव करावयास हरकत नव्हती. पण तोवर पुण्यात क्रिकेटपेक्षा राजकारण अधिक तापले होते.

पाच वर्षांनी बाळू आणि आंबेडकर समोरासमोर आले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघातील राखीव जागेसाठी काँग्रेसने बाळूस उभे केले, आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. आंबेडकरांस १३,२४५ आणि बाळूस ११,२२५ मते पडली. मताचा हक्क तेव्हा मिळकत, कर वा शिक्षण यांवर होता, म्हणजे ज्यांच्यासाठी ही जागा राखली त्यांतील बहुतेकांच्या हाती मतपत्रिकाच नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या न्यायमूर्तींनी निर्णय दिला की जॉर्जिया राज्यात डोईपट्टी भरल्यावाचून मत नाही हा कायदा योग्य आहे. पट्टी काळ्या आणि गोऱ्या दोन्ही गरिबांस भरावी लागे, आणि तो दावा लावणारा इसम गोरा होता.